गाणीही आपली, चित्रंही आपली: डॅनियल जॉन्स्टनकडून नवोदितांनी काय घ्यावं

घरात बसून गाणी रेकॉर्ड करायची आणि कव्हरही स्वतःच काढायचं, या वाटेला लागलेल्या प्रत्येकाला मी आधी अमेरिकन गायक-गीतकार आणि चित्रकार डॅनियल जॉन्स्टन ऐकायला लावते. मीही याच वाटेवर आहे.

त्याच्या 1983 च्या ‘हाय, हाउ आर यू’ या अल्बमची टेप खरखरते, आवाज कापतो. नवी मुलं नेमकी तीच खरखर उचलतात. तुम्ही चाल ऐका. बीटल्सवर त्याचा जीव होता, म्हणून ध्रुवपद आणि कडवी पक्की बांधलेली आहेत. सुरुवातीला कॅसेटची नक्कल काढायची सोय नव्हती, तेव्हा कुणी मागितली की तो अख्खा अल्बम पुन्हा गाऊन द्यायचा! एवढ्या वेळा गायल्यावर गाण्यातला कच्चा दुवा लपत नाही. तुमचं गाणं अपलोड करण्याआधी निदान पाच जणांना समोर बसवून ऐकवा.

टेक्सासमधल्या ऑस्टिनला तो मॅकडोनाल्ड्समध्ये कामाला होता आणि भेटेल त्याच्या हातात कॅसेट ठेवायचा. 1985 मध्ये एमटीव्हीवर झळकला. 1992 मध्ये निर्वाणा या रॉक बँडच्या कर्ट कोबेनने, ‘हाय, हाउ आर यू’च्या कव्हरवर जॉन्स्टनने काढलेल्या बेडकाचा टी-शर्ट घातला आणि नाव जगभर गेलं. पुढे अटलांटिकसारख्या बड्या कंपनीने 1994 मध्ये अल्बम काढला, पण तो फारसा खपला नाही आणि करार संपला.

तो बेडूक मात्र टिकला. देठांवर डोळे असलेला हा जेरेमाया 1993 मध्ये ऑस्टिनच्या ग्वाडलूप स्ट्रीटवरच्या रेकॉर्डच्या दुकानाच्या भिंतीवर आला. दुकान बंद पडलं, नवा भाडेकरू भिंत पाडायला निघाला, तेव्हा लोकांनी ती वाचवली. 2006 च्या व्हिटनी बिएनालेत, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात, जॉन्स्टनची चित्रं लागली.

एक गोष्ट कळकळीने सांगते. त्याच्या मानसिक आजाराला प्रतिभेचं इंधन समजू नका. 1990 मध्ये वडील चालवत असलेल्या छोट्या विमानाची किल्लीच त्याने बाहेर फेकली. दोघं कसेबसे वाचले. त्याचं काम चालू राहिलं ते घरच्यांनी सांभाळल्यामुळे. झोप उडाली, मन थाऱ्यावर राहिलं नाही, तर कार्यक्रम रद्द करा आणि डॉक्टरकडे जा.

पैशांचं म्हणाल, तर माझ्या कार्यक्रमानंतर टेबलावरून अल्बमपेक्षा चित्रं जास्त जातात. मूळ चित्र देण्याआधी स्कॅन करून ठेवा, मागे सही आणि तारीख घाला, आणि छपाईचे हक्क लेखी आपल्याकडेच ठेवा.