जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताय? आवृत्ती निवडताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांत आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत एकच प्रश्न आहे: विंडोज ११ घेत नाही, मग या चालत्या मशीनचं करायचं काय? भंगारात मुळीच देऊ नका, त्यावर लिनक्स टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. मात्र आवृत्ती मशीन बघून आणि अपडेटची मुदत बघून घ्या. इथे चूक झाली की नाव लिनक्सचं खराब होतं.

मोठा आकडा बघून उचलणे

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार, त्याचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४, २५.१० म्हणजे ऑक्टोबर २०२५. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते ती एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. म्हणजे २५.१० टाकली तर जुलै २०२६ मध्ये खेळ आटोपला, उलट त्याआधीची २४.०४ चालते २०२९ पर्यंत.

मुदत संपल्याची खूण ओळखा. इंटरनेट छान चालतंय, पण अपडेट करताना '४०४ नॉट फाउंड' येतंय. लोक राउटर बंद-चालू करत बसतात. दोष राउटरचा नसतो. मुदत संपली की त्या आवृत्तीची पॅकेजेस मुख्य सर्व्हरवरून काढून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर ठेवली जातात आणि तुमचं मशीन अजून जुन्याच पत्त्यावर शोधत असतं. अशा वेळी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि एलटीएस नव्याने टाका.

याच्याच पोटात आणखी एक चूक आहे. 'हलकी आहे' म्हणून लुबंटू किंवा झुबंटू ही उबंटूचीच भावंडं घेतली जातात, पण त्यांच्या एलटीएसला पाच नव्हे, तीनच वर्षं मिळतात. २२.०४ ची लुबंटू एप्रिल २०२५ मध्येच संपली. ऑफिसच्या मशीनला वारंवार हात लावायचा नसेल तर उबंटूवरच बेतलेल्या लिनक्स मिंटची २२ ची मालिका घ्या: सिनॅमन, माटे, एक्सएफसीई या तिच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपच्या एडिशन, तिन्ही २०२९ पर्यंत.

आणि नवी एलटीएस आल्या दिवशी जुनीवरून उडी मारू नका. तिची '.१' आवृत्ती काही महिन्यांनी येते, तेव्हा अपडेटर स्वतःच विचारतो.

रॅम न बघता एडिशन ठरवणे

२ जीबी असेल तर एक्सएफसीई, तेही कामापुरतं. ४ जीबीला एक्सएफसीई किंवा माटे. ८ जीबी असेल तर सिनॅमन बिनधास्त टाका. पण हेही लक्षात घ्या की ब्राउझरचे पंधरा टॅब कुठल्याही एडिशनवर रॅम खाणारच. मशीन चालू व्हायलाच दोन-तीन मिनिटं लागत असतील तर एडिशन बदलून उपयोग नाही. जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी बसवा, तोच खरा इलाज.

'माझं मशीन ३२ बिट आहे' हेही एकदा तपासा. बऱ्याचदा फक्त विंडोज ३२ बिट असतं, प्रोसेसर नाही. कोअर टू ड्युओ सगळे ६४ बिटचे आहेत.

यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर आणखी एक तपासणी करा. मशीन दहा मिनिटं झकास चालतं आणि मग रेंगाळतं? आवृत्ती बदलण्याआधी कॅबिनेट उघडा. प्रोसेसरच्या पंख्याखाली सुताच्या तंतूंचा थर बसलेला असतो, त्यात मे महिन्यातला सोलापूरचा उन्हाळा. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ब्लोअरने साफ करा, थर्मल पेस्ट नवी लावा.

नव्या लॅपटॉपवर जुनी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल)

पेनड्राइव्हमध्ये पडलेली २४.०४ ची पहिली फाइल टाकली आणि वायफाय दिसेना, असं होतं. तिचा कर्नल (हार्डवेअर ओळखणारा गाभा) ६.८, तर २४.०४.३ आणि मिंट २२.२ चा ६.१४. त्याच एलटीएसची ताजी आयएसओ घ्या. ब्रॉडकॉमचं जुनं कार्ड असेल तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट घ्या (टेदरिंग) आणि ड्रायव्हर मॅनेजर चालवा.

लाइव्हमध्ये न तपासता डिस्क पुसणे

पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवा, डिस्कला हात लावू नका. वायफाय, आवाज, स्लीपमधून जागं होणं आणि मुख्य म्हणजे प्रिंटर बघा. एचपी लेझरजेट १०२० दिसतो, प्रिंट पाठवली जाते, कागद मात्र येत नाही, कारण त्याला एचपीचं वेगळं प्लगइन लागतं. टॅली विंडोजचाच प्रोग्रॅम आहे, तो ज्या मशीनवर चालतो तिथे विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाका. श्रीलिपीत टाइप केलेली जुनी पत्रं लिनक्समध्ये अगम्य दिसतील, कारण तो फॉन्ट युनिकोड (सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची पद्धत) नाही. ती विंडोजवर असतानाच युनिकोड करून घ्या. पुढे मराठी, तेलुगू, कन्नड असे तिन्ही कीबोर्ड सेटिंगमधून एकाच वेळी जोडता येतात.

इन्स्टॉल सुरू करताना डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. पार्टिशन करताना, म्हणजे डिस्कचे भाग पाडताना वीज गेली तर शेजारचं विंडोजही हाती लागत नाही.