डेझेडचा कंटाळा येतो? आधी या चुका टाळा

डेझेड या ऑनलाइन झॉम्बी खेळाचा विषय निघाला की सोलापुरातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक खेळाडूंकडून एकच उत्तर मिळते : घेतला होता, दोन दिवसांत काढून टाकला. त्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. २०१२ मध्ये डीन हॉल यांनी ‘आर्मा २’ या युद्धखेळासाठी तयार केलेले एक मॉड (मूळ खेळात बदल करणारी जोड) म्हणून याची सुरुवात झाली, १६ डिसेंबर २०१३ रोजी बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीने त्याची स्वतंत्र आवृत्ती अर्धवट अवस्थेत विक्रीला आणली आणि पूर्ण आवृत्ती बाहेर पडायला १३ डिसेंबर २०१८ हा दिवस उजाडला. मधल्या पाच वर्षांत भिंतीतून आरपार येणारे झॉम्बी, जिन्यावरून उतरताना विनाकारण मरणारी पात्रे आणि महिनोन्‌महिने रखडलेल्या सुधारणा यांमुळे खेळाचे जे नाव खराब झाले, ते अजून पुरते धुऊन निघालेले नाही. तरीही मी तो वर्षानुवर्षे मनापासून खेळतो आहे, कारण खेळाचे दोष वेगळे आणि आपण चुकीच्या पद्धतीने खेळल्यामुळे होणारा त्रास वेगळा, हे मला हळूहळू उमगत गेले. दुसऱ्या प्रकारचा त्रास पूर्णपणे टाळता येतो.

पहिली चूक आहे अपेक्षेची. माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे आला होता. वीस मिनिटे खेळून त्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, “मामा, हितं काहीच घडंना की!” त्याला बंदुकीचा खेळ हवा होता. चेर्नारस हा या खेळाचा मुख्य नकाशा सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीहूनही मोठा, आणि अधिकृत सर्व्हरवर (ज्या दूरच्या संगणकावर सगळे एकत्र खेळतात त्यावर) एका वेळी जास्तीत जास्त ६० खेळाडू असतात. एका माणसाच्या वाट्याला पावणेचार चौरस किलोमीटर मोकळे रान येते. अशा ठिकाणी अर्धा तास कोणीही न भेटणे हा बिघाड नव्हे. त्या अर्ध्या तासामुळेच दूरवर दिसलेली एक हलती आकृती छातीत धडकी भरवते. ज्याला ही शांतता नको असेल त्याने पैसे न घालवलेलेच बरे, असे मी स्पष्टपणे सांगतो. शिवाय खेळाविषयीचे परीक्षण वाचताना त्याची तारीख जरूर पाहावी, कारण २०१५ मधला संताप २०१५ मधल्या आवृत्तीवरचा आहे.

सर्व्हर निवडताना

गर्दी पाहून सर्व्हर निवडणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. सोलापूरपासून जर्मनीतले फ्रँकफर्ट सरळ रेषेत सुमारे ७ हजार किलोमीटर दूर आहे, त्यामुळे जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद तर निसर्गनियमानेच लागतात, आणि समुद्रातल्या केबलचा मार्ग सरळ नसल्याने प्रत्यक्षात पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत येण्याचा वेळ, त्याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. पडद्यावर झॉम्बी दोन पावले लांब दिसतो, पण सर्व्हरच्या हिशेबी तो तुमच्या अंगाला भिडलेला असतो. आपण काठी मारतो ती हवेत जाते आणि रक्त आपले येते. यादी पिंगच्या क्रमाने लावावी आणि वर येणाऱ्या आशियातल्या सर्व्हरांपैकी एखादा धरावा, मग त्यावर पंधराच माणसे असली तरी चालतील.

पहिला अर्धा तास

पात्र किनाऱ्यावर उतरते आणि नवा खेळाडू तडक चेर्नोगोर्स्क किंवा एलेक्ट्रोझावोड्स्क या शहरांकडे धावत सुटतो, कारण तिथे बंदुका मिळतील असे त्याने ऐकलेले असते. तिथे झॉम्बीही भरपूर असतात, आणि हाती काही लागण्याआधीच खेळ आटोपतो. त्याऐवजी आधी जमिनीवरचे लहान दगड गोळा करून दगडी चाकू बनवावा, त्याने जादा कपडा फाडून चिंध्या करून ठेवाव्यात, एखाद्या खेड्यातली विहीर गाठावी आणि मगच किनारा सोडून आत शिरावे. विहिरीचे पाणी थेट प्यायले तरी चालते. तळ्याचे किंवा नदीचे मात्र उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावे, नाहीतर पटकी होते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरातल्या माणसाला दिसेल तिथे बाटली भरून घ्यायला कोणी शिकवावे लागू नये, पण खेळात ही सवय आपण विसरतो.

यातली एक चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती तपशिलाने सांगण्यासारखी आहे. तासभर उपाशी भटकल्यावर एका घरामागे मला कोंबडी सापडली. ती कापली, शेजारच्या घरातल्या चुलीवर मांस नीट भाजले, तपकिरी होईपर्यंत थांबलो आणि खाल्ले. थोड्या वेळाने डांबरी रस्त्यावर पात्र वाकून ओकू लागले; पोटातले अन्न गेले, पाणी गेले, पुन्हा ओकारी, पुन्हा तेच. मांसात दोष नव्हता. कोंबडी कापल्यावर हात रक्ताने माखलेले होते आणि तसेच मी जेवलो होतो. हा खेळ उघड्या, रक्ताळलेल्या हातांनी खाणाऱ्याला साल्मोनेला हा पोटाचा संसर्ग देतो, आणि त्यावर कोळशाच्या गोळ्या चालतात, ज्या माझ्यापाशी नव्हत्या. हात धुवायला विहीर चाळीस पावलांवर होती. पुष्कळ जण अशा मरणाला बग, म्हणजे खेळातला बिघाड, समजून खेळ सोडतात. आजारपणाचे नियम खेळ कुठेही नीट समजावून सांगत नाही, हा त्याचा दोषच आहे, पण नियम पक्के आहेत आणि एकदा कळले की त्यांचा आधार वाटू लागतो. पटकी किंवा सर्दी-तापावर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, ओल्या कपड्यांवर आधी पिळणे आणि मग शेकोटी, जखमेवरच्या चिंधीला आधी जंतुनाशक : एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ निभते.

झॉम्बीशी मारामारी

उघड्यावर दोघा-तिघांशी भिडू नये. झॉम्बीला दार उघडता येत नाही, म्हणून घरात शिरून दार लावावे, श्वास पूर्ववत होऊ द्यावा आणि मग दार उघडून चौकटीत एकेकाला घ्यावे. तो हात उगारतो तेव्हा एक पाऊल मागे सरकावे, त्याचा वार हुकला की आपण मारावे. पिंग बरी असेल तर हा ताल दोन संध्याकाळींत अंगवळणी पडतो. पाठीवर सापडेल ते लादले तर दमाची पट्टी आखूड होते आणि तिसऱ्या फटक्यालाच हात जड होतात, त्यामुळे तीन बंदुका बाळगण्यापेक्षा एक आणि तिच्या गोळ्या पुरेत. गोळी शक्यतो झाडूच नये, कारण आवाजाने आसपासचे सगळे गोळा होतात.

संगणक आणि वीज

याविषयी थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की बंद खोलीतला संगणक तापून अडखळतो, आणि आपण त्याचे खापर खेळावर फोडतो. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची म्हणजे फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी, खेळ एसएसडी या वेगवान डिस्कवर ठेवावा, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. वीज गेली तरी पात्र काही सेकंद जगात तसेच उभे असते, म्हणून वळवाच्या वाऱ्याची चिन्हे दिसताच दाट झुडपात शिरून रीतसर बाहेर पडावे.

मित्रांना शोधताना

एकाच सर्व्हरवर उतरलेले मित्र वेगवेगळ्या किनाऱ्यांवर पडतात आणि खेळातला कागदी नकाशा ‘तुम्ही येथे आहात’ असे सांगत नाही. येथे चिडचिड होऊन बरेच गट मोडतात. एकमेकांना “मी एका लाल घरापाशी आहे” असे सांगण्यात अर्थ नाही, कारण तशी घरे शेकड्यांनी आहेत. चेर्नारसमध्ये समुद्र दक्षिणेला आणि पूर्वेला आहे आणि सूर्य पूर्वेलाच उगवतो, एवढ्यावर दिशा ठरते. गावाच्या वेशीवरचे फलक सिरिलिक लिपीत असतात. त्यांतली दहा-बारा अक्षरे तोंडपाठ करायला एक दुपार पुरते. इंग्रजी चारच्या आकड्यासारखे दिसणारे अक्षर म्हणजे ‘च’, इंग्रजी ‘पी’सारखे दिसते ते ‘र’, ‘एच’सारखे दिसते ते ‘न’. भाच्याने पुढच्या सुट्टीत ती वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. आता तो फलकापाशी उभा राहून एकेक अक्षर मला वाचून दाखवतो, मी नकाशावर गाव शोधतो, आणि मग आम्ही दोघे त्या गावाच्या विहिरीकडे निघतो.