अमेरिकेत साइडकार किंवा ट्राइक शिकायचीय? क्लास असा शोधा

वर्षानुवर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला तीन चाकांवर बसवलं की पहिल्याच वळणावर तो गोंधळतो. वेगात असलेली दुचाकी उजवीकडे वळवताना आपण नकळत उजवी मूठ पुढे ढकलतो, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. ट्राइक कलत नाही. तिथे उजवी मूठ पुढे ढकलली की ती सरळ डावीकडे निघते. ही गोष्ट वाचून लगेच कळते, पण हातांना पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ रहदारीत घालवणं परवडत नाही. ‘बाइक येते ना, मग पंधरा मिनिटांत जमेल’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

पहिलं काम: गाडी नक्की करा

‘तीनचाकी’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या जाती येतात आणि क्लास जातीनुसार बदलतो.

मागे दोन चाकं असलेली ट्राइक, म्हणजे हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड वगैरे. ठेवण आपल्या रिक्षाचीच. वेगात वळताना तिचा तोल बाहेरच्या, पुढच्या बाजूला जातो, म्हणून अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं. हिच्यावर दुचाकीची एक सवय फार महागात पडते: थांबताना पाय खाली टेकवणं. मागचं चाक त्याच पायावरून जाऊ शकतं.

पुढे दोन चाकं असलेली, म्हणजे कॅन-अ‍ॅम स्पायडर किंवा रायकर. हिला हँडलवर ब्रेकची लिव्हरच नसते. पायाखालचं एकच पेडल तिन्ही चाकांना ब्रेक लावतं. दुचाकीवाल्याची बोटं आणीबाणीत आधी हँडलकडेच जातात.

यामाहा निकेन, पियाजिओ एमपी३ यांनाही पुढे दोन चाकं आहेत, पण त्या दुचाकीसारख्या कलतात आणि तशाच वळतात. ट्राइकच्या क्लासचा त्यांना फारसा उपयोग नाही. पोलारिस स्लिंगशॉटला तर स्टिअरिंग व्हील आणि शेजारी-शेजारी सीट असतात. बऱ्याच राज्यांत ती साध्या कारच्या लायसन्सवर चालते.

आणि साइडकार, म्हणजे मोटरसायकलच्या एका बाजूला जोडलेली एकचाकी बैठक. ही सगळ्यांत विचित्र, कारण तिची डावी आणि उजवी बाजू सारखी वागत नाही. अमेरिकेत साइडकार उजव्या बाजूला असते. अ‍ॅक्सिलरेटर दिला की मोटरसायकल पुढे जाते, साइडकार मागे रेंगाळते आणि सगळी गाडी उजवीकडे ओढते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उलट, डावीकडे. उजव्या वळणावर वेग जरा जास्त झाला तर साइडकारचं चाक जमिनीवरून उचललं जातं. ते खाली आणायला हँडल डावीकडे सरळ करावं लागतं आणि डावीकडे असते समोरून येणारी रहदारी. नवख्यांचे अपघात होण्याची खरी जागा हीच. डाव्या वळणावर साइडकार बाहेरच्या बाजूचा आधार होते, पण फारच वेगात गेलात तर मोटरसायकलचं मागचं चाक हलकं होतं आणि गाडी साइडकारच्या नाकावर कोलमडू शकते.

गावाकडे बजाज स्कूटरला जोडलेली साइडकार चालवली असेल तर तो अनुभव इथे थोडा आडवाच येईल. भारतात ती डाव्या बाजूला असते, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं तिथे आरशातल्यासारखं उलटं होतं.

दुसरं काम: राज्याचा लायसन्सचा नियम बघा

भारतात हा प्रश्न सहसा पडत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार जोडलेली गाडी ‘मोटरसायकल’ धरली आहे. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचं वेगळं. वॉशिंग्टन राज्यात दुचाकीची आणि तीनचाकीची परवानगी स्वतंत्र असते. एक असली म्हणून दुसरी मिळत नाही. पेनसिल्व्हेनियात तीन चाकांवर परीक्षा दिलीत तर लायसन्सवर ९ क्रमांकाचं बंधन येतं, म्हणजे त्यावर दुचाकी चालवता येत नाही. कॅलिफोर्नियात मोटरसायकलचं एम१ लायसन्स दुचाकीसाठी आहे आणि तीनचाकी कारच्या क्लास सी लायसन्सवर चालते. कायद्याने हरकत नाही म्हणून तिथे अनेक जण क्लासला जातच नाहीत. मला हे धोक्याचं वाटतं.

राज्याच्या डीएमव्हीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, साइटवर (वॉशिंग्टनमध्ये तिला डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग म्हणतात) ‘थ्री-व्हील’ असं शोधा. त्याच पानावर बहुधा मान्यताप्राप्त क्लासची यादीही असते. अनेक राज्यांत असा क्लास पास झाल्यावर डीएमव्हीची प्रत्यक्ष चाचणी माफ होते.

तिसरं काम: क्लास शोधा

दोन नावं लक्षात ठेवा. एक, मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन, म्हणजे एमएसएफ. १९७३ साली सुरू झालेल्या या संस्थेचा ‘थ्री-व्हील बेसिक रायडरकोर्स’ अनेक राज्यांत चालतो. तो मुख्यतः ट्राइकचा विचार करून बेतलेला आहे. स्पायडर-रायकरसाठी कॅन-अ‍ॅमचा स्वतःचा रायडर एज्युकेशन प्रोग्रॅमही आहे. त्याच्याशी जोडलेल्या काही शाळांत शिकायला गाडी तिथलीच मिळते. विकत घेण्याआधी चालवून बघायची असेल तर यासारखी सोय नाही.

दुसरं नाव, साइडकार/ट्राइक एज्युकेशन प्रोग्रॅम, बोलताना ‘एस-टेप’. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरग्रीन सेफ्टी कौन्सिलने तो तयार केला. यात साइडकारचा आणि ट्राइकचा अभ्यासक्रम वेगवेगळा आहे. साइडकारवाल्यांना रिकाम्या मैदानात मुद्दाम साइडकारचं चाक उचलायला आणि परत टेकवायला शिकवतात. साइडकार घेणार असाल तर जवळचा ट्राइकचा क्लास सोडून लांबच्या एस-टेपला जा, असंच मी सांगेन.

जवळपास काहीच सापडलं नाही तर युनायटेड साइडकार असोसिएशनकडे किंवा उरल मोटरसायकलच्या डीलरकडे विचारा. उरलच्या गाड्या साइडकारसकटच येतात, त्यामुळे शिकवणारं कोण आहे हे त्या डीलरला माहीत असण्याची शक्यता बरीच.

चौथं काम: पैसे भरण्याआधी फोन करा

साइटवर ‘थ्री-व्हील’ लिहिलेलं असलं तरी साइडकार घेतात का, हे स्पष्ट विचारा. ट्राइकच्या क्लासमध्ये तुम्ही एकटेच साइडकारवाले असाल तर अर्धे धडे तुमच्यासाठी नसतात. शिकवणारा स्वतः साइडकार चालवतो का, हेही विचारायला संकोच करू नका.

मग गाडीचं विचारा. साइडकारच्या क्लासला ती बहुधा स्वतःची आणावी लागते. तिचं रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स लागेल, आणि सुरुवातीला टायर-ब्रेक तपासले जातील. इथे एक गंमत आहे: लायसन्स नसताना गाडी चालवत क्लासला पोचायचं कसं? ट्रेलर भाड्याने घ्या किंवा लायसन्स असलेल्या मित्राला गळ घाला. उत्तरेकडच्या राज्यांत थंडीत क्लास बंद असतात आणि वसंतातल्या तारखा लवकर भरतात, म्हणून चौकशी हिवाळ्यातच करा.

जाताना काय न्यायचं

डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) प्रमाणित हेल्मेट, डोळ्यांसाठी गॉगल किंवा काच, पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब बाह्यांचं जॅकेट, जाड पँट आणि घोटा झाकणारे बूट. यातलं काही नसेल तर मैदानात उतरू देत नाहीत. पाणी भरपूर न्या. तीनचाकीचं हँडल ताकदीने वळवावं लागतं; संध्याकाळी खांदे बोलतात.

क्लासची तारीख लांब असेल आणि साइडकार दारात उभी असेल तर तोवर तिच्यात वाळूच्या पिशव्या ठेवा, चाकाच्या रेषेत, आणि पट्ट्याने घट्ट बांधा. रिकामी साइडकार पटकन उचलते. सराव रिकाम्या पार्किंगमध्येच करा, सगळी सुरक्षा साधनं घालून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दोन्ही बाजूंना गोल फेऱ्या मारत. उजव्या फेऱ्या सावकाश मारा. आणि क्लास होईपर्यंत साइडकारमध्ये माणूस बसवू नका, तो कितीही हट्ट करो.