पातळ कवचाची अंडी आणि अडकलेलं अंडं: परसातल्या कोंबड्यांसाठी

एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम ज्वारीत जेमतेम २५-३० मिलिग्रॅम. निव्वळ ज्वारी-मका आणि उरलेल्या कळण्याच्या भाकरीवर राहणारी कोंबडी मग कवचासाठी स्वतःची हाडं झिजवते. आधी कवच पातळ होतं, मग पापुद्र्यातलं लिबलिबीत अंडं येतं. पुढे अंडं ढकलायला स्नायूंत जोर उरत नाही.

वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा ४३ च्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. त्यात कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कवच घडायला लागणारं रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवच आणखी पातळ पडतं. म्हणून फक्त कॅल्शियम देऊन भागत नाही. सावली आणि दुपारी दोनदा बदललेलं गार पाणी हवंच.

चुनखडीची कच किंवा शिंपल्यांचा चुरा, ज्वारीच्या दाण्याएवढा, वेगळ्या भांड्यात ठेवा. रोज अंडं देणारीला साधारण १० ग्रॅम, तेही संध्याकाळी. कवच मुख्यतः रात्री चढतं. जाड कच पोटात थांबून हळूहळू विरघळते, पीठ लवकर निघून जातं. पानात खायचा चुना मात्र चुकूनही नको, आतून पोळतो. घरची टरफलं चालतात, पण १० मिनिटं उकळून, वाळवून बारीक करा. ओळखू आली तर कोंबडी अंडी फोडायला शिकते, आणि ती खोड जाता जात नाही. अंड्यावर न आलेल्या तलंगांना हे देऊ नका, मूत्रपिंडं खराब होतात. तयार लेअर खाद्यात (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात) कॅल्शियम असतंच. सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या, ड जीवनसत्त्वाशिवाय दिलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

अंडं अडकलेली कोंबडी शेपूट खाली टाकून उभी राहते, वारंवार कुंथते, दाणा टिपत नाही. कोमट पाण्याच्या टबात, पाणी पोटापर्यंत येईल अशी, २० मिनिटं बसवा. मग अंग कोरडं करून गुदद्वाराला व्हॅसलिन लावा आणि अंधाऱ्या, शांत डालग्याखाली ठेवा. तासाभराने पुन्हा तेच. पोट दाबू नका, अंडं आत फोडू तर अजिबात नका. टरफलाच्या कडेने अंडं बाहेर येण्याची आतली नळी फाटते. काही तासांत अंडं आलं नाही, किंवा कोंबडी मान टाकू लागली, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कॅल्शियमचं इंजेक्शन तिथेच घ्यायचं.