टीव्हीच्या गाइडमध्ये (स्क्रीनवरच्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात) रात्री आठची मालिका दुपारी अडीचला दिसतेय?

फ्री डिशसाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या सेट-टॉप बॉक्सवर हे हमखास होतं. मेकॅनिकला बोलवायची गरज नाही. डिजिटल प्रक्षेपणात चॅनेलची नावं आणि कार्यक्रमांच्या वेळा चित्राबरोबरच येतात, पण वेळ असते ग्रिनिचची. त्यात आपले साडेपाच तास बॉक्सने मिळवायचे असतात.

१. रिमोटवर मेनू दाबा, सिस्टिम सेटिंगमध्ये टाइम किंवा लोकल टाइम शोधा. (नावं बॉक्सगणिक बदलतात, दहा पर्याय धुंडाळावे लागले तर वैतागू नका.)
२. जीएमटी (म्हणजे ग्रिनिचची वेळ) ऑन करा, टाइम झोन +५:३० ठेवा. नुसतं +५ घेतलंत तर अर्ध्या तासाचा घोळ राहीलच.
३. समर टाइम (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची सोय) बंद. भारतात तो लागूच नाही.
४. एखादं चालू चॅनेल लावून मिनिटभर थांबा, मग गाइड उघडा.

काही चॅनेल फक्त 'आता' आणि 'पुढे' एवढंच पाठवतात. तिथे आठवडाभराचं वेळापत्रक शोधत बसू नका.

आणि हो, यासाठी फॅक्टरी रीसेट मात्र करू नका. जमवलेली फेव्हरिट यादी उडेल आणि सगळे चॅनेल पुन्हा स्कॅन करावे लागतील.