फूड रायटिंगला सुरुवात करताय? आधी घरच्या आमटीवर लिहा

फूड रायटिंग करायचंय म्हणणारी बरीच मुलं मला पहिला प्रश्न विचारतात, कुठल्या रेस्टॉरंटपासून सुरू करू? माझं म्हणणं एकच, आज घरी जे शिजलंय त्यावर लिही. इतकी वर्षं मी हेच करतेय आणि मनापासून सांगते, गरम गुरगुट्या भातावर मेतकूट, वर तूप, बाजूला लिंबाचं लोणचं, याच्याइतकं जीव लावून मला दुसऱ्या कशावर लिहिताच येत नाही.

पण नुसतं प्रेम असून भागत नाही. "आईच्या हातची चव" लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, तो हात नेमकं काय करतो ते लिहायचं. त्यासाठी ओट्यापाशी उभं राहायचं. आमटीचंच घ्या, आमसूल डाळ शिजल्यावरच का पडतं? कारण आंबट आधी पडलं की डाळ लवकर मऊ होत नाही. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू द्यायची, मग हिंग, आणि हळद अगदी शेवटी कारण ती पटकन करपते, आणि लगेच घोटलेली डाळ ओतायची. हे घरातलं कोणी आपणहून सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटतं त्यांना, म्हणून आपणच विचारत राहायचं.

मापाचं विचारलं की "अंदाजाने घालायचं गं" हे ठरलेलं उत्तर. मग त्यांनी मुठीत घेतलेला जिन्नस आधी वाटीत टाकायला सांगा, मोजा, मग पातेल्यात जाऊ द्या. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि नवशिक्यांनाही जमलं ते वाटी-चमच्याच्या मापांमुळे, हे विसरू नका.

अजून एक, वरणभात म्हणजेच महाराष्ट्राचं कम्फर्ट फूड असं ठोकून देऊ नका प्लीज. कोकणात कुळथाची पिठी नि भात असतो, विदर्भात गोळाभात, खानदेशात कळण्याची भाकरी आणि ठेचा. ज्या घरचं लिहाल त्या घरचं म्हणूनच लिहा.

लिहून झालं की स्वयंपाक न येणाऱ्या मित्राला रेसिपी द्या आणि शेजारी गप्प उभे राहा. तो जिथे अडून "आता काय?" विचारेल तिथे तुमचं एक वाक्य राहिलंय, ते घाला आणि मगच एडिटरला पाठवा.