तुर्की वाक्य कसे बांधावे: ठाणे–वाशी लोकलमधला सराव

तुर्की शिकू लागलेल्या मराठी माणसाने इंग्रजीतून भाषांतर करण्याची सवय प्रथम सोडावी, मनात मराठी वाक्य जुळवावे आणि शब्दांचा क्रम न हलवता एकेका शब्दाच्या जागी तुर्की शब्द ठेवावा. 'मी ठाण्याहून वाशीला जात आहे' हे वाक्य तुर्कीत 'बेन ठाणेदेन वाशीये गिदियोरुम' असे होते. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि 'हून', 'ला' यांसारखे प्रत्यय नामाच्या मागे चिकटलेले. 'घरात साखर आहे' म्हणजे 'एवदे शेकेर वार', आणि 'आहे' जाऊन 'नाही' आले की 'वार' काढून 'योक' ठेवायचे.

खरा फरक प्रत्यय लावण्याच्या रीतीत आहे आणि तिथेच सर्वाधिक वेळ द्यावा. आपण 'ठाणे'चे 'ठाण्या' असे सामान्यरूप करून मग 'हून' जोडतो. तुर्कीत नाम बहुधा जसेच्या तसे राहते आणि बदलतो तो प्रत्यय. तुर्कस्तानने 1928 साली लॅटिन लिपी स्वीकारली. तिच्या 29 अक्षरांपैकी आठ स्वर आहेत आणि त्यांचे दोन गट पडतात. आ, ओ, उ आणि जीभ मागे ओढून काढलेला इ हे मागचे स्वर. ए, इ आणि हेच दोन स्वर ओठ गोल करून उच्चारले की होणारे आणखी दोन, हे पुढचे. नामातला अखेरचा स्वर ज्या गटातला, त्याच गटातला स्वर प्रत्ययाने घ्यायचा. यालाच स्वरमेळ म्हणतात.

तो तोंडी बसवण्यासाठी ट्रान्स-हार्बर मार्गावरची स्थानके फार उपयोगी पडतात. मी स्वतः ऐरोलीहून जाता-येता हाच सराव केला आणि तो सर्वांना आवर्जून सुचवतो. ठाणे, ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी या साऱ्यांच्या शेवटी ए किंवा इ असल्याने 'मध्ये' या अर्थी 'दे' लागते: ऐरोलीदे, तुर्भेदे. सानपाडा आले की मात्र सानपाडादा म्हणावे लागते, आणि पनवेलच्या गाडीत बसल्यास नेरूळदा. 'हून'साठी याच रीतीने देन किंवा दान येते. 'ला' या अर्थी ए किंवा आ येतो; पण नाम स्वरान्त असेल तर दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये 'य' घालतात. म्हणून वाशीये, सानपाडाया, पण नेरूळा. विशेषनामानंतर लिहिताना अपॉस्ट्रॉफी द्यायची, बोलताना थांबायचे नाही.

कर्माचा प्रत्यय मात्र जपून वापरावा. 'मोलकरीण शोधते आहे' आणि 'मोलकरणीला शोधते आहे' यांतला फरक आपल्याला सांगावा लागत नाही: पहिली कोणतीही, दुसरी ठरावीक. मराठीत हा भेद मुख्यतः सजीवांपुरता राहतो, तुर्कीत तो निर्जीव वस्तूंनाही लागू होतो. 'शेकेर इस्तियोरुम' म्हणजे साखर हवी आहे. 'शेकेरि इस्तियोरुम' म्हणजे ती अमुक साखर हवी आहे.

व्याकरणिक लिंग तुर्कीत नाही. तो, ती, ते या तिघांसाठी एकच 'ओ'. 'सेन' म्हणजे तू आणि 'सिझ' म्हणजे तुम्ही. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला सिझच म्हणावे. क्रियापदाच्या शेवटी पुरुष दिसतोच, त्यामुळे 'बेन' गाळले तरी चालते. नकार मात्र क्रियापदाच्या पोटात शिरतो: 'गिदियोरुम' जातो आहे, 'गित्मियोरुम' जात नाही.

प्रश्नासाठी आपल्या 'का'सारखा 'मि' आहे आणि स्वरमेळाने त्याचा मु वगैरे होतो. 'वाशीये गिदियोर मुसुन?' म्हणजे 'वाशीला जातो आहेस का?' हाच शब्द उचलून वाशीमागे ठेवला, 'वाशीये मि गिदियोरसुन?', तर जाणे गृहीत धरून फक्त ठिकाण विचारले जाते: 'वाशीलाच जातो आहेस का?' डब्यात बसल्या बसल्या पुढच्या प्रत्येक स्थानकासाठी हे दोन्ही प्रश्न करून पाहावेत.